निर्वासितविषयक धोरणे : महाराष्ट्र व यूरोप

युद्ध, फाळणी, धार्मिक वा वांशिक छळ यांमुळे स्वदेश सोडून आलेल्या लोकांना प्रवेश द्यावयाचा किंवा नाही, त्यांना किती काळ राहू द्यावयाचे आणि कोणते हक्क द्यावयाचे, यांविषयीच्या राज्यसंस्थेच्या नियमांना व प्रघातांना निर्वासितविषयक धोरण म्हणतात. यूरोपीय देशांत हे धोरण मुख्यतः लिखित कायद्यावर, तर भारतात शासनाने प्रसंगानुसार घेतलेल्या निर्णयांवर आधारलेले आहे. महाराष्ट्रात विसाव्या शतकात वेगवेगळ्या निर्वासित समूहांना आश्रय मिळाला. तथापि प्रत्येकाला मिळालेला दर्जा निराळा होता आणि त्या दर्जानेच त्यांच्या पुढील पिढ्यांचे जीवन ठरविले.

यूरोपीय व्यवस्था : दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपात लक्षावधी लोक विस्थापित झाले. त्यांच्या प्रश्नातून १९५१ चा जिनीव्हा करार उदयास आला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या कारणांनी छळ होण्याची साधार भीती असलेली व्यक्ती म्हणजे निर्वासित, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. अशा व्यक्तीला छळाच्या ठिकाणी परत धाडू नये, हे तत्त्वही मान्य झाले. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता मर्यादित होता. १९६७ च्या पूरक करारान्वये ही कालमर्यादा दूर झाली.

करार एक असला, तरी त्याची अंमलबजावणी देशोदेशी भिन्न आहे. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा हक्क दिला. मात्र १९९३ च्या दुरुस्तीने सुरक्षित तिसऱ्या देशातून आलेल्यांना या हक्काचा आधार घेता येईनासा झाला. स्वीडनकडे २०१५ मध्ये सु. १ लाख ६३ हजार अर्ज आले. पुढील वर्षी तेथे कायम परवान्याऐवजी तात्पुरते परवाने देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. २०१५ मध्येच हंगेरीने सर्बियाच्या सीमेवर कुंपण उभारले होते. डेन्मार्कने २०१९ मध्ये निर्वासितांचे समाजात सामीलीकरण करण्यापेक्षा त्यांच्या परत जाण्यावर भर देणारा कायदा केला. १९९० च्या डब्लिन करारापासून अर्जाची जबाबदारी बहुधा प्रथम प्रवेशाच्या देशावर पडत असल्याने ग्रीस व इटली यांवरील भार वाढला. ही विषमता कमी करण्यासाठी यूरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने १४ मे २०२४ रोजी स्थलांतर व आश्रयविषयक नव्या नियमसंचाला संमती दिली.

महायुद्धपूर्व काळ : नाझी राजवटीच्या छळामुळे जर्मनी, ऑस्ट्रिया व चेकोस्लोव्हाकिया या देशांतून काही ज्यू मुंबईस आले. त्यांच्या साहाय्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू मदत संस्था स्थापन झाली. प्रवेशासाठी नोकरीची वा हमीदाराची खात्री द्यावी लागे. त्यामुळे वैद्य, तंत्रज्ञ, कलावंत अशा शिक्षित वर्गालाच हा मार्ग तुलनेने सुकर होता. संगीतरचनाकार वॉल्टर कॉफमन हे याच काळात मुंबई आकाशवाणीत होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन नागरिक म्हणून अनेक ज्यूंनाही अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथे स्थानबद्ध करण्यात आले. चौकशीनंतर त्यांपैकी बहुतेकांची सुटका झाली. ज्या राज्याच्या छळातून हे लोक पळाले, त्याच राज्याचे प्रजाजन म्हणून ते संशयास पात्र ठरले. माणसाची ओळख पारपत्रावरून ठरविल्याने येणारी ही विसंगती त्या वेळी ब्रिटनमध्येही दिसून आली.

वळिवडे येथील पोलिश छावणी : सोव्हिएट रशियाने १९४०–४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या लोकांपैकी काही जण १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळील बालाचडी येथे पोलिश मुलांना आश्रय दिला. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे मोठी छावणी उभारण्यात आली. तेथे सु. ५,००० लोक राहत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. शाळा, रुग्णालय व चर्च यांसह ते जणू स्वतंत्र पोलिश गावच होते. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील उरलेली मुलेही वळिवड्यास आली.

या लोकांचा दर्जा युद्धकालीन पाहुण्यांचा होता. त्यांच्या खर्चाची जबाबदारी लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारकडे होती आणि त्यांनी भारतात कायमची वस्ती करावी, अशी योजना नव्हती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. त्यांची जन्मगावे नव्या सीमारेषांमुळे सोव्हिएट संघात गेली होती. परतण्यास घर नाही व राहण्यास परवानगी नाही, अशा स्थितीत ते १९४८ पर्यंत ब्रिटन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया इ. ठिकाणी पांगले, काही पोलंडला परतले. स्थानिकांकडून मिळालेल्या आपुलकीची आठवण त्यांनी जपली आणि कोल्हापुरात त्यांचे स्मारकही आहे. परंतु पाहुणचार हा हक्क नव्हता.

सिंधी निर्वासित : पोलिश लोक गेल्यानंतर वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या लोकांची वस्ती झाली. तीच पुढे गांधीनगर या नावाने कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्धीस आली. कल्याणजवळील लष्करी छावण्यांत सु. एक लाख सिंधी निर्वासित आले; या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाले.

सिंधी लोकांना परकीय मानण्यात आले नाही. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदानुसार १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून आलेल्या व अविभक्त भारतात स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म झालेल्या व्यक्तींना नागरिक मानण्यात आले. त्या तारखेनंतर येणाऱ्यांसाठी नोंदणीची अट होती. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियमान्वये मागे राहिलेल्या मालमत्तेबद्दल भरपाईची तरतूद झाली. मतदानाचा हक्क, व्यापाराची मोकळीक व मालमत्ता धारण करण्याचा अधिकार लाभल्याने एका पिढीत हा समाज स्वतःच्या पायावर उभा राहिला. तरी उल्हासनगरमधील जागांच्या सनदा व अनधिकृत बांधकामे यांचे प्रश्न दीर्घकाळ रेंगाळले. बांधकामांच्या नियमितीकरणासाठी २००६ मध्ये राज्याला स्वतंत्र अधिनियम करावा लागला.

पूर्व बंगालमधील निर्वासित : १९५८ मध्ये केंद्र सरकारने दंडकारण्य प्रकल्प हाती घेतला. त्याचे मुख्य क्षेत्र ओरिसा व मध्य प्रदेश यांत होते. महाराष्ट्रात तत्कालीन चांदा जिल्ह्यात १९६० नंतरच्या दशकात पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबांना जमिनी देऊन वसविण्यात आले. आज गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी व मुलचेरा या तालुक्यांत त्यांची गावे आहेत. नदीकाठच्या भातशेतीची सवय असलेल्या या लोकांना जंगलपट्टीत नव्याने शेती उभी करावी लागली. त्यांतील बरेचसे नमःशूद्र समाजाचे आहेत. पश्चिम बंगालमध्ये ही जात अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या यादीत ती नाही. त्यामुळे जमीन मिळूनही शिक्षण व नोकरी यांतील सवलती स्थलांतराबरोबर हरपल्या.

नोर्ग्येलिंग : दलाई लामा मार्च १९५९ मध्ये भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या तिबेटी लोकांची महाराष्ट्रातील वसाहत नोर्ग्येलिंग या नावाने १९७२ मध्ये तत्कालीन भंडारा, आता गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ स्थापन झाली. येथील लोक शेती करतात व हिवाळ्यात नागपूरसारख्या शहरांत लोकरी कपडे विकतात. त्यांना शाळा, मठ व स्वतःची संस्कृती जपण्याची मोकळीक मिळाली. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते नोंदणी प्रमाणपत्र धारण करणारे परकीयच राहिले. या प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मसिद्ध नागरिक ठरतात, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. मात्र २०१७ मध्ये पारपत्र मागणाऱ्या तिबेटींनी नोंदणी प्रमाणपत्र रद्द करून वसाहतीतील वास्तव्य व सवलती सोडाव्यात, अशा अटी घालण्यात आल्या. नागरिकत्व आणि समाज यांत निवड करण्याचा प्रसंग त्यामुळे अनेकांवर आला.

तुलना : भारत १९५१ च्या करारात सहभागी नाही व येथे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९४६ चा परकीय नागरिक अधिनियम व त्याच्या जागी आलेला २०२५ चा अधिनियम हे मूलतः परकीयांच्या नियंत्रणाचे कायदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात एकविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा अधिनियमाने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान यांतून आलेल्या सहा धर्मसमूहांपुरता मार्ग मोकळा केला. मुस्लिम तसेच श्रीलंकेतील तमिळ व तिबेटी यांचा त्यात समावेश नाही. धर्मावर आधारलेल्या या वर्गीकरणावर मोठा वाद झाला.

यूरोपात प्रत्येक व्यक्तीचा अर्ज तपासण्याची व नकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे, पण चौकशी वर्षानुवर्षे लांबते व दरवाजा सीमेवरच बंद करण्याची प्रवृत्ती वाढली आहे. भारतात समूहाला एकत्रित आश्रय मिळतो. त्याला वेळ कमी लागतो, पण त्या समूहाला कोणता दर्जा मिळेल हे राजकीय परिस्थितीवर अवलंबून राहते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांसाठी यूरोपीय संघाने २००१ च्या तात्पुरत्या संरक्षणाच्या निर्देशाचा प्रथमच वापर केला, तेव्हा त्यानेही समूहाला एकत्रित आश्रय देण्याचीच पद्धत अवलंबिली. त्याच वेळी सिरिया वा अफगाणिस्तानातून आलेल्यांची मात्र व्यक्तिशः चौकशी चालू राहिली. आश्रिताविषयीची जवळीक वा परकेपणा कायद्याच्या अंमलबजावणीवर प्रभाव टाकतो, हे दोन्ही व्यवस्थांत आढळते. वळिवड्याच्या एकाच बराकीत आधी राहिलेले पोलिश कुटुंब पाच वर्षांत निघून गेले आणि नंतर आलेले सिंधी कुटुंब कायमचे कोल्हापूरकर झाले. छप्पर तेच होते. बदलला होता तो कायद्याने दिलेला दर्जा.