दलालाशिवाय घर विकताना

पोंभुर्ण्यासारख्या गावात गिऱ्हाईक बहुतेक ओळखीतूनच मिळते. मग दलाली कशाला द्यायची, असे लोक आम्हाला विचारतात. दलाल ठेवण्याची सक्ती नाही, पण मग कागदांची जबाबदारी आपलीच.

वारस : घर मरहूम अब्बांच्या नावावर असेल, तर एकटा भाऊ ते पूर्ण विकू शकत नाही. कर्ज व वसियत वजा जाता अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात बहिणीला भावाच्या निम्मे. "बहीण कुठे मागते?" म्हणून तिला वगळू नका. तिची सही घ्या आणि तिचे पैसेही द्या.

कागद : मूळ खरेदीखत, फेरफार, कराची पावती. जमीन भोगवटादार वर्ग २ असेल, तर आधी परवानगीचे बघा.

इसार : लेखी करा. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका. आयकर कायद्याने तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो.

रजिस्ट्री : १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपये व त्यापुढच्या विक्रीला सक्तीची. सही झाल्यापासून ४ महिन्यांत खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे द्यावे लागते.

पूर्ण रक्कम बँकेत जमा झाल्याची खात्री करूनच सही करा. गिऱ्हाईक नात्यातले असले तरीही.