कॅमेरा कामगारांच्या हाती

फ्रान्समधील बेझाँसाँ शहरात ‘रोदियासेता’ या कृत्रिम धाग्याच्या कारखान्यातील कामगारांनी १९६७ साली संप करून कारखाना ताब्यात घेतला. क्रिस मार्कर आणि मारिओ मारे यांनी त्यावर माहितीपट काढला. एप्रिल १९६८मध्ये तो कामगारांना दाखवला, तेव्हा अनेकांनी कडक टीका केली. संघटना बांधण्याचे रोजचे कष्ट त्यात नाहीत. स्त्रिया दिसतात त्या केवळ कामगारांच्या बायका म्हणून. कामगारांचा चित्रपट अखेर कामगारांनीच काढायला हवा, असे मार्कर यांचेही मत होते.

मग कामगार चित्रीकरण व संकलन शिकले. आपल्या गटाला त्यांनी सोविएत दिग्दर्शक अलेक्सांद्र मेदवेदकिन यांचे नाव दिले. मेदवेदकिन १९३२ साली रेल्वेगाडीतच प्रयोगशाळा थाटून गावोगाव फिरले; कामगारांचे चित्रीकरण करून ते त्यांनाच दाखवत.

गटाचा ‘क्लास द ल्युत’ १९६९मध्ये आला. आधीच्या माहितीपटात नवऱ्याशेजारी संकोचून बसलेली स्त्री यात घड्याळांच्या कारखान्यात संघटना उभारते, सभेत बोलते. प्रेक्षकांनी घेतलेला आक्षेपच पुढच्या चित्रपटाचा विषय झाला, हे या चळवळीचे खरे मोल.