शपथेला नकार: क्वेकरांची वाटचाल

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात येशूने शपथ वाहायलाच मनाई केली आहे. चर्च ऑफ इंग्लंडने त्यातून वाट काढली: उठल्यासुटल्या शपथ नको, पण न्यायाधीशाने मागितली तर चालेल, असे आपल्या एकोणचाळिसाव्या कलमात लिहून टाकले. सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्सभोवती जमलेल्या 'सोसायटी ऑफ फ्रेंड्स'ला, म्हणजे क्वेकरांना, ही पळवाट पटेना. कोर्टात शपथेवर खरे बोलायचे, तर एरवीच्या बोलण्याला काय किंमत, असा त्यांचा रोकडा सवाल. दुकानातही ते एकच भाव सांगत. आधी चढा आकडा सांगून मग उतरणे त्यांच्या लेखी खोटेच होते.

हा हट्ट महागात पडला. राजनिष्ठेची शपथ नाकारली की मालमत्ता जप्त आणि राजाची मर्जी होईतो तुरुंग. १६६४ साली लँकेस्टरच्या कोर्टात फॉक्सच्या हाती बायबल देऊन शपथ घ्यायला सांगितले, तर तो म्हणाला, शपथ घेऊ नका असे हेच पुस्तक सांगते, मग आधी पुस्तकालाच का नाही कोंडत? पुढे त्याने आरोपपत्रातल्या तारखांच्या चुका दाखवल्या आणि ते रद्द करवले. न्यायाधीशाने लगेच नव्याने शपथ पुढे केली, फॉक्स पुन्हा आत! त्याच गावी त्याच कारणासाठी शिक्षा झालेली क्वेकर मार्गारेट फेल १६६८ साली सुटली. व्यापाऱ्यांचे हाल निराळेच: शपथ नाही म्हणून साक्ष नाही आणि साक्ष नाही म्हणून बुडालेली उधारी वसूल होत नाही.

१६९६ च्या कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा दिली. ती खोटी ठरली तर शिक्षा खोट्या शपथेचीच. फौजदारी खटल्यातली साक्ष, ज्युरी आणि सरकारी पदे मात्र बंदच राहिली. त्यात प्रतिज्ञेच्या मजकुरात सर्वशक्तिमान देवाला साक्षी ठेवलेले होते. ही तर मागल्या दाराने आलेली शपथ, असे अनेक फ्रेंड्सना वाटले. तुरुंगाने जी मंडळी फुटली नाहीत, ती या शब्दांवरून पाव शतक आपसात भांडली. त्यांच्या इतिहासातले हे प्रकरण मला छळाच्या कहाण्यांहून मोलाचे वाटते. पदरात पडलेल्या सवलतीतली खोट काढायला जास्त धाडस लागते. १७२२ साली ते शब्द गेले.

बाकीची दारे सावकाश उघडली. फौजदारी साक्ष १८२८ साली. संसदेवर १६९८ साली निवडून आलेल्या जॉन आर्चडेलला शपथ नाकारल्यामुळे बसू दिले नव्हते. जोसेफ पीझ १८३३ साली प्रतिज्ञेवर बसला. मग १८८० साली नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉने तीच सवलत मागितली आणि सहा वर्षे गदारोळ माजला. १८८८ च्या कायद्याने ती सर्वांना मिळाली, तीही ब्रॅडलॉच्याच खटपटीने. पुढल्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४० सालीच गंगाजलावरची आणि कुराणावरची सक्तीची शपथ काढून हिंदू-मुसलमानांसाठी प्रतिज्ञा आणली होती. तिच्या मजकुरात सर्वशक्तिमान देव मात्र होताच, क्वेकरांनी भांडून काढून टाकलेला.