‘सैतान’: पदनाम ते विशेषनाम

हिब्रू ‘सातान’ हे मूलतः सामान्यनाम. अर्थ प्रतिपक्षी, अडथळा आणणारा. ‘गणना’च्या २२व्या अध्यायात बलामाची वाट अडविणाऱ्या परमेश्वराच्या दूतालाही हाच शब्द योजिला आहे. ‘ईयोब’ व ‘जखऱ्या’ या ग्रंथांत तो ‘हा-सातान’ असा निश्चयवाचक उपपदासह येतो. म्हणजे तेथे व्यक्तिनाम नसून देवसभेतील अभियोक्त्याचे पद अभिप्रेत आहे. ईयोबाची परीक्षा तो ईश्वराच्या अनुज्ञेनेच घेतो. दाविदाला शिरगणतीस प्रवृत्त करतो तो ‘२ शमुवेल’ २४मध्ये परमेश्वराचा कोप. उत्तरकालीन ‘१ इतिहास’ २१मध्ये मात्र उपपदविरहित ‘सातान’.

पुढे परंपरा दुभंगतात. ‘प्रकटीकरणा’च्या १२व्या अध्यायात पुरातन सर्प, दियाबल व सैतान एकरूप होतात, तिसऱ्या शतकात ओरिजेनने ‘यशया’च्या १४व्या अध्यायातील बाबिलोनी राजाच्या अधःपातात सैतानाचे पतन वाचले. त्यातून ख्रिस्ती परंपरेत ईश्वरद्रोही देवदूताचे चरित्र घडले. याउलट तालमूदमधील ‘बावा बात्रा’ प्रकरणात रेश लाकिश सैतान, दुष्प्रवृत्ती व मृत्युदूत यांना एकच मानतो. एकीकडे पाप हे बाह्य शत्रूशी युद्ध ठरते, तर दुसरीकडे मुख्यतः अंतःकरणाचे नियमन.

मराठी बायबलने अरबी-फारसीतून रुळलेला ‘सैतान’ हा एकच शब्द ‘ईयोब’ व ‘प्रकटीकरण’ या दोहोंत योजिला. मराठीत उपपद नाही. त्यामुळे अभियोक्ता आणि द्रोही यांतील भेद येथे लोपतो. ‘ईयोबा’चे तौलनिक वाचन या लोपाची जाणीव ठेवूनच करावयास हवे.