इतवारीचा तोळा आणि बाराचा आकडा

दशमान पद्धती येण्यापूर्वी नागपूरच्या इतवारीतील सराफ ज्या तोळ्याने सोने जोखीत, तो बारा माशांचा व मासा आठ गुंजांचा असे. आणि मासे बाराच का, याचे उत्तर बाराच्या विभाज्यतेत शोधावे असे मला वाटते, कारण सहा विभाजक लाभलेली ती सर्वांत लहान संख्या असून निमे, तिजाई, पाव हे सारे हिस्से तिच्यात निःशेष बसतात. आपल्याहून लहान अशा यच्चयावत संख्यांना विभाजकांच्या गणतीत मागे टाकणाऱ्या २४, ३६, ४८, ६०, १२० आदी संख्यांचे सांगोपांग विवेचन श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केले. परंतु अहोरात्राच्या साठ घटिका मानणाऱ्या पंचांगकर्त्यांनी बारा विभाजकांची ही संख्या कित्येक शतके आधीच अंगीकारिली होती, याचे मला अपार कौतुक वाटते.

रुपयाचा हिशेब निराळा. आणा बारा पैंचा, पण रुपया सोळा आण्यांचा, आणि सोळाला विभाजक पाचच. त्यामुळे तिघा हिस्सेदारांत रुपया वाटताना प्रत्येकी पाच आणे चार पै असा पैंचा आश्रय घ्यावाच लागे. १ एप्रिल १९५७ रोजी, नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात असताना, शंभर नव्या पैशांचा रुपया अंमलात आला, तेव्हा १९२ पैंच्या चौदा विभाजकांच्या जागी नऊच उरले आणि तिजाईची सोय समूळ गेली.