पेटीतली पुस्तकं

डिसेंबर २०२१मध्ये नाशिक जिल्ह्यात पुस्तकांच्या दोन जत्रा भरल्या. महिन्याच्या सुरुवातीला नाशिकला आडगावजवळ ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते जयंत नारळीकर. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात शंभरेक किलोमीटरवरच्या मालेगावात राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा पुस्तक मेळा भरला. तिथली विक्री एक कोटी रुपयांच्या पुढे गेली. यंत्रमागावर राबणाऱ्या गावानं एवढ्या पैशांची पुस्तकं घेतली, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी किती जणांना ठाऊक आहे, असा प्रश्न मला तेव्हाही पडला होता.

जिल्हा एक, महिना एक आणि वाचक दोन. या दोन वाचकांच्या मधे एक तिसरा उभा आहे. घरी दखनी बोलणारा, मराठी शाळेत शिकलेला, मराठीतच वाचणारा मुस्लीम. मी त्यातलाच. म्हणून नाशिकच्या वाचनाचा इतिहास मी जरा वेगळ्या अंगानं बघतो.

हा इतिहास दुकानापेक्षा वाचनालयाचा जास्त आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. देशात पहिली प्रवासी रेल्वे धावली त्याच्या तेरा वर्षं आधीचं. छापील मराठी पुस्तकं तेव्हा अशी किती असणार? मोल्सवर्थचा कोश निघून नऊ वर्षं झालेली, ‘दर्पण’ सुरू होऊन आठ. तरीही गावानं वाचनालय टिकवलं. नाशिककर त्याला प्रेमानं ‘सावाना’ म्हणतात. आज त्याच्याकडे स्वतःचं नाट्यगृह आहे, वस्तुसंग्रहालय आहे. कुसुमाग्रज त्याचे अध्यक्ष होते. त्यांनीच १९५०मध्ये लोकहितवादी मंडळ सुरू केलं आणि त्याच मंडळानं २०२१चं संमेलन भरवलं. ज्यांचं नाव मंडळाला दिलं, त्या लोकहितवादींनीही पुण्यात वाचनालयासाठी खटपट केली होती. वाचणाऱ्या गावात संस्था अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

मात्र ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर लिहिणं सोपं असतं. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला. जिथं देवाचं दार उघडायला लढावं लागतं, तिथं पुस्तकाचं दार सगळ्यांना सारखं उघडं होतं, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

दार उघडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पुस्तकच उचलून वाचकाकडे नेणं. यात नाशिक जिल्ह्याचा एक मोठा माणूस आहे. सयाजीराव गायकवाड. जन्म १८६३, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा. शेतकऱ्याचा हा पोरगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. पुढे १९१०मध्ये त्यानं विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून आणवला आणि संस्थानभर ग्रंथालयं उभी केली. जिथं ग्रंथालय नाही तिथं लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवली. पेटी गावात जायची, लोक वाचायचे, मग ती परतायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. (डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती दिली ती याच राजानं, हे वाचकांना सांगायला नकोच.)

२००९मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातून विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. कल्पना अगदी साधी. शंभर पुस्तकांची एक पेटी. देणगीदाराच्या पैशातून ती तयार होते. सोसायटीतले, कारखान्यातले, कार्यालयातले काही वाचक मिळून ती घेतात. कुणा एकाच्या घरी ती राहते, बाकीचे तिथून पुस्तकं नेतात. काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाकडे जाते आणि त्यांची इकडे येते. वर्गणी नाही, अनामत नाही. लोक वाढदिवसाला, आईवडिलांच्या स्मरणार्थ पेटीसाठी पैसे देऊ लागले. पेट्या तुरुंगात गेल्या, दुबईलाही गेल्या. बडोद्याच्या पेटीचा आणि या पेटीचा थेट संबंध असल्याचा माझा दावा नाही. पण कवळाण्याच्या जिल्ह्यातूनच पुन्हा पेटी निघावी, याचं मला अप्रूप वाटतं.

आता पेटीच्या आतल्या पुस्तकांविषयी. मराठी ग्रंथव्यवहारात मुसलमान परका कधीच नव्हता. जुन्या पोथ्या आणि दप्तरं ज्या कागदावर लिहिली गेली, तो जुन्नरचा आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद मुस्लीम कागदी कारागिरांनी बनवलेला. कागद, शाई, दौत, जिल्द, दप्तर हे शब्दही फारसी-अरबीतून आलेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठीत. पण आधुनिक काळात मुस्लीम मराठी लेखकांना आपलं व्यासपीठ वेगळं उभारावं लागलं. १९९०मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लीम मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते फ. म. शहाजिंदे. गंमत म्हणजे त्याच वर्षी पुण्यात अखिल भारतीय संमेलनाचं अध्यक्षपद यू. म. पठाण भूषवत होते. म्हणजे मुख्य मंचावर मान होता आणि तरीही वेगळ्या मंचाची गरज होती. दोन्ही खरं होतं. एक मान दुसऱ्या गरजेवर उतारा ठरत नाही, हे अनेकांच्या अजून पचनी पडलेलं नाही.

या चळवळीतली पुस्तकं मला पुस्तकांच्या दुकानात क्वचित सापडली. बहुतेक संमेलनाच्या मंडपातल्या टेबलावरून, लेखकाच्या पिशवीतून किंवा कुणाकडून उसनी मिळाली. आवृत्ती छोटी, प्रकाशक तालुक्याच्या गावचा, वितरक नाही. संपली की संपली.

म्हणून मी माझ्यापुरती एका पेटीची यादी करायला घेतली आहे. हमीद दलवाईंची ‘इंधन’, मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’, फकरुद्दीन बेन्नूर यांचं ‘भारतीय मुसलमानांची समाजरचना आणि मानसिकता’, रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’, मनमाडच्या खलील मोमीन यांची कविता. दलवाई आणि बेन्नूर यांचं एकमेकांशी पटणारं नाही, पण पेटीत दोघं शेजारी राहतील. मालेगावच्या उर्दू कथाकारांची पुस्तकं देवनागरी मराठीत आणली, तर आणखी दहा-पंधरा जमतील. त्यासाठी दोन्ही भाषा येणारा अनुवादक हवा. असे लोक मालेगावात घरोघर आहेत, फक्त त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नाही. यादी शंभरावर जायला अजून बराच अवकाश आहे. तुमच्या घरी असं एखादं संपलेल्या आवृत्तीचं पुस्तक असेल तर कळवा. झेरॉक्सही चालेल.