चन्नपट्टण लाकूडकाम

बेंगळुरूच्या नैर्ऋत्येस सुमारे ६० किमी., म्हैसूर रस्त्यावरील चन्नपट्टण या गावी चालणारी लाखकाम केलेल्या कातीव लाकडी वस्तूंची कला. तिचा उगम परंपरेने टिपू सुलतानाच्या आश्रयाशी जोडला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी बावस मियाँ यांनी जपानी तंत्रांच्या आधारे तिला नवे वळण दिले.

काळ्या कुड्याचे मऊ, पांढरट लाकूड वाळवून लेथवर कातले जाते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि केवड्याच्या पातीने तिला झळाळी येते. रंग लेथवरच चढतो, हे या कलेचे खरे सौंदर्य. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळण्यांवर रंग कुंचल्याने दिला जातो, हा मोठा फरक. हळदीसारखे वनस्पतिजन्य रंग वापरलेले खुळखुळे तान्ह्या मुलांच्या हाती निर्धास्तपणे देता येतात.

चन्नपट्टणचा प्रवास खेळण्यांपासून दिवे, वाट्या अशा घरगुती वस्तूंकडे झाला आहे. बेंगळुरूतील अभिकल्पकांचा यात मोलाचा वाटा आहे. मात्र कारागिराचे नाव वस्तूवर क्वचितच दिसते, ही उणीव दूर व्हायला हवी.

येथील खेळण्यांना भौगोलिक मानांकन लाभले असून बेंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यावरील ‘कावेरी’ या सरकारी विक्रीकेंद्रात ती मिळतात.